पाहुण्याचा नारळ

माझ्या काकांनी लिहिलेला आमच्या घराण्याचा इतिहास कुरियरने आला, तेव्हा मी गोठ्यात शेण भरत होते. पुस्तक पाट्याएवढं जड, कागद गुळगुळीत, आणि वर आमच्या मळ्याचं आकाशातून काढलेलं चित्र. उघडायच्या आधी मी हात स्वच्छ धुतले. वाचून झाल्यावर वाटलं, उगाच धुतले.

काका निवृत्त राजदूत आहेत आणि दिल्लीला असतात. त्यांचा मुलगाही परराष्ट्र खात्यातच, सध्या कुठल्याशा थंड देशात. पुस्तकाचा निम्मा भाग पणजोबांवर आहे. पणजोबा एका लहानशा संस्थानाचे वकील होते. वकील म्हणजे काळ्या डगल्यातला नव्हे. एका दरबाराचं म्हणणं दुसऱ्या दरबारात नेऊन, एक शब्द इकडचा तिकडे न करता सांगणारा. त्या वकिलीत त्यांना कृष्णेकाठची काळी जमीन मिळाली. अजूनही गावात आमच्या शेताला वकिलाचा मळाच म्हणतात. काकांचं म्हणणं असं की वकिली आमच्या रक्तातच आहे. पणजोबांपासून ती निघाली आणि काकांमधून वाहत त्यांच्या मुलापर्यंत गेली. मध्ये माझे वडील होते. त्यांना वळसा घालून गेली असावी.

वडील काकांचे धाकटे भाऊ. दोघंच भाऊ, म्हणजे गावच्या भाषेत थोरली पाती आणि धाकटी पाती. थोरल्याला शिकायला आधी पाचगणीला, मग पुण्याला आणि मग देशाबाहेर पाठवायचं ठरलं, तेव्हा धाकट्याची शाळा थांबवून त्याला मळ्यावर घेतलं. हे पुस्तकात नाही. पुस्तकात वडिलांवर एक वाक्य आहे: ‘धाकटे बंधू शेतीत रमले.’

या ‘रमले’ शब्दाने माझं डोकं फिरलं. मी सांगलीच्या शाळेत मराठी शिकवलं, शब्दांशी माझा जन्मभराचा संसार आहे. मूल खेळण्यात रमतं, म्हातारा नातवंडांत रमतो. उसात कोण रमतं? उसाच्या पाल्याने हात चिरतात, तोडीची टोळी वेळेवर येत नाही, पुरात उभा फड नदी घेऊन जाते आणि मागे गाळ ठेवते. त्या गाळात वडील गुडघाभर उभे राहिलेले मी पाहिलेत, आणि ते काही रमलेले दिसत नव्हते. थोरल्याला जग बघता यावं म्हणून धाकट्याला बांधून घातलं, हे लिहायला हात धजला नाही म्हणून ‘रमले’ लिहिलं. राजदूत माणूस. कडू गोष्ट गोड शब्दात घालायची सवय.

पुढे एक फोटो आहे. आगटीभोवती गोरी माणसं बसलीत, आणि जाळाजवळ उकिडवे बसलेले, हातात कणीस धरलेले माझे वडील. खाली ओळ: ‘हुरड्यास आलेले परदेशी पाहुणे, सोबत शेतावरील व्यवस्थापक.’

तो दिवस मला आठवतो, कारण त्या फोटोत कडेला ज्या फ्रॉकचा कोपरा दिसतो तो माझा आहे.

काका तेव्हा दर हिवाळ्यात येत आणि सोबत कोणी ना कोणी परदेशी घेऊन येत. त्यांच्यासाठी वडील उसाच्या कडेने मुद्दाम ज्वारीचा एक पट्टा पेरत. आमच्या बागायती रानात ज्वारी पेरणं म्हणजे लोकांच्या हसण्याचा विषय, पण भावाचे पाहुणे येणार म्हणून पेरत. त्या दिवशी सकाळपासून वडिलांनी आगटी खणली, गोवऱ्या रचल्या, कोवळी कणसं निवडून आणली. आईने चटण्या वाटल्या, दही विरजलं. काकांनी काय केलं? घोंगड्यांवर कोणी कुठे बसायचं ते ठरवलं. अमका तमक्यापेक्षा वरचा, म्हणून त्याचं घोंगडं आगटीच्या उजव्या हाताला; त्याची बायको पलीकडे. ते एवढं नाजूकपणे चाललं होतं की मला वाटलं, घोंगड्याखाली काही फुटणारं ठेवलंय. वडिलांना कुठलंच घोंगडं मिळालं नाही. ते जाळाशी बसले.

वडील तळहातावर कणीस चोळून दाणे पुढे करत होते. एका बाईने दाणे खाल्ले, फार आवडले असावेत, आणि वडिलांकडे बोट दाखवून काकांना काहीतरी विचारलं. काका हसून इंग्रजीत लांबलचक बोलले. त्यातला एकच शब्द मला कळला आणि तोच वडिलांनाही कळला. मॅनेजर.

मॅनेजर कळायला इंग्रजी कशाला यावं लागतं? साखर कारखान्याला मॅनेजर होता, बँकेला होता, तालुक्याच्या टॉकीजलासुद्धा होता. वडिलांचा हात थांबला. मग त्यांनी दोन्ही हात जोडून त्या बाईला नमस्कार केला आणि पुढचं कणीस चोळायला घेतलं. ते कणीस करपलेलं होतं, तरी ते चोळत राहिले.

पाहुणे मोटारीत बसून नदी बघायला गेले आणि काका चहाला मागे राहिले. आई थोरल्या दिरासमोर येत नसे, बोलत तर नसेच. स्वयंपाकघराच्या दाराआड पदर ओढून ती उभी राहिली आणि मला पुढे केलं.

“इचार गं तुज्या काकास्नी, मॅनेजर कुनाला म्हनले त्ये?”

काका समोरच बसले होते, त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. तरी रिवाज तो रिवाज. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं.

काका चिडले नाहीत. ते कधीच चिडत नाहीत, हाच त्यांचा राग येण्यासारखा गुण आहे. बशीतला चहा संपवून ते मला म्हणाले, “सांग तुझ्या आईला, कारभारीच म्हटलं. गावात सगळे त्याला कारभारीच म्हणतात.”

हे खरं होतं. गाव वडिलांना कारभारीच म्हणे. पण आमच्याकडे बाई नवऱ्याला कारभारी म्हणते, गाव कर्त्या माणसाला कारभारी म्हणतं. ज्याच्या शब्दावर घर चालतं तो कारभारी. तो शब्द इंग्रजीत नेताना काकांनी त्याच्या डोक्यावरचा फेटा काढून घेतला आणि खांद्यावर टॉवेल टाकला. जगभरच्या भाषांची ने-आण करणाऱ्या माणसाला हा फरक कळत नव्हता, असं मला कोणी सांगू नये.

मी तो निरोप दारापर्यंत नेला आणि आईला सांगितला. ती माझी पहिली वकिली. आईने ऐकून घेतलं आणि ती चुलीकडे गेली. वडील बाहेरून आले तेव्हा तिने त्यांच्यासमोर भांडं आपटलं. ते एवढंच म्हणाले, “जाऊ दे. पावन्यांम्होरं तमाशा नगं.”

“पावनं गेल्यात नदीवर,” आई म्हणाली.

“एक हाय की बसल्याला,” वडील म्हणाले, आणि पाय धुवायला गेले. तेव्हा मला ते कळलं नव्हतं.

वडील गेल्या वर्षी दिवाळीनंतर वारले. काका आले नाहीत, गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. फोनवर त्यांनी छान शब्दांत दुःख व्यक्त केलं. मी वडिलांचं एकुलतं मूल. सासर माधवनगरचं, नवरा तिथल्या गिरणीतून निवृत्त झाला. वडील थकले तशी मी नोकरी संपवून मळ्यावर येऊन राहिले. नवरा आठवड्याला येतो, वांगी घेऊन जातो आणि म्हणतो, “तू म्हणजे उलट्या दिशेने नांदायला गेलीस.” उसाची लागण, पाण्याची पाळी, गोठा, सगळं मीच बघते. जमिनीचं मी इथे बोलत नाही, ती कायद्याने ज्याची त्याची आहे. मी बोलतेय बेंदराच्या मानाचं.

बेंदूर म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण, आषाढातला. संध्याकाळी गावच्या वेशीत पिंपळाच्या पानांची दोरी आडवी बांधतात, तिला कर म्हणतात. मानाचा बैल सगळ्यांच्या आधी धावत जाऊन ती तोडतो, आणि मग लोक एकेक पान घरी नेऊन दाराला लावतात. हा मान वकिलाच्या मळ्याचा. बैलाचा कासरा धरून जो धावतो तो त्या घराचा कर्ता, असं गाव मानतं. माझ्या आठवणीत तो कासरा कायम वडिलांच्या हातात होता. मळ्यात ट्रॅक्टर आला, बाकीचे बैल गेले, तरी एक खोंड त्यांनी फक्त या संध्याकाळसाठी ठेवला. शेवटची काही वर्षं ते चालत जायचे आणि बैल त्यांच्या चालीने चालायचा. लोक थांबून राहायचे, कोणी घाई केली नाही.

यंदा कासरा कोणी धरायचा? गावात दोन मतं झाली. एक म्हणे, लेक मळा करते, तिनं धरावा. दुसरं म्हणे, लेक दिल्या घरची, धाकटी पाती बुजली, आता मान थोरल्या पातीला. हे दुसरं मत दिल्लीपर्यंत कसं पोचलं कोण जाणे, पण काकांचा फोन आला.

“मी बेंदराला येतोय,” ते म्हणाले. “कासरा मी धरेन. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघतेय, त्यात शेवटी तोच फोटो घालू. तुझं काम कौतुकास्पद आहे हो, पण मान पातीचा असतो. मुलगी म्हणजे शेवटी माहेरची पाहुणी.”

मी “या” म्हटलं. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवला आणि गव्हाणीवर बसले. मला स्वच्छ दिसत होतं. यंदा कासरा त्यांनी धरला की तो पुढे त्यांच्या मुलाचा, जो आला तर फोटोपुरता येईल. आणि माझे वडील कायमचे मॅनेजर. पुस्तकात छापलेलं गावाच्या वेशीतही खरं होऊन बसेल. एकतर मी पाहुणी ठरणार होते, नाहीतर काका. मध्ये जागा नव्हती.

आता आमच्या गावचा एक रिवाज सांगायला हवा, तो बाहेरच्याला ठाऊक नसतो. बेंदराला गावचे जावई येतात. पूर्वी जावयांना भारी हौस. सासऱ्याचा बैल आपणच पळवायचा म्हणून कासऱ्याला झोंबायचे आणि भांडणं व्हायची. जावयाला नको म्हणायची सोय नाही. मग कोण्या शहाण्याने तोड काढली. जावई आणि पाहुणे यांना वेशीजवळ मांडवात मानाने बसवायचं, फेटा बांधायचा, हातात नारळ द्यायचा. ज्याने पाहुण्याचा नारळ घेतला त्याने त्या दिवशी कासऱ्याला हात लावायचा नाही. मान पण दिला आणि बाजूला पण बसवलं. काकांच्या सगळ्या खात्याला याहून चांगली तोड सुचली नसती.

काका लहानपणीच बाहेर गेले आणि पुढे येत ते हिवाळ्यात, हुरड्याला. बेंदूर त्यांनी जाणत्या वयात पाहिलाच नव्हता.

ते काकूंना घेऊन सणाच्या सकाळी आले. मी अंगणात खोंडाची शिंगं रंगवत होते. काकूंनी गाडीतून उतरल्याबरोबर पिशवीतून साडी काढली. जरीची, महागातली, वर खण-नारळ ठेवलेला.

“माहेरवाशिणीला रिकाम्या हाताने कसं भेटायचं?” काका म्हणाले. “घे. काकू ओटी भरतील.”

मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. अतिशय प्रेमळ हसत होते. ओटी भरून घेतली की मी माहेरवाशीण, म्हणजे आज आले उद्या जाणार. आयुष्यभर भेटवस्तू देऊन समोरच्याला त्याची जागा दाखवलेला माणूस, त्याला हे न समजता सुचलं असेल असं मी मानत नाही.

“ठेवा तिथं ओसरीवर,” मी म्हटलं. “हात रंगाचे आहेत.”

दिवसभर मी हात रंगाचेच ठेवले. शिंगं झाली, मग खूर, मग अंगावर ठसे. काकू दोनदा साडी घेऊन आल्या आणि दोनदा परत गेल्या. आई स्वयंपाकघरात पुरण वाटत बसली होती. तिने खिडकीतून माझे हात पाहिले आणि नुसतीच मान हलवली.

दुपारी सुभेदार आले. हे आमच्या गावचे फौजेतून निवृत्त झालेले. बेंदराचा माइक, मांडव आणि शिस्त सगळं त्यांच्याकडे. मिशा अजून फौजेतल्याच.

“ताई,” त्यांनी विचारलं, “सायबास्नी कुठं बशीवायचं?”

मी ब्रश खाली ठेवला नाही. “कुठं म्हंजे? पावन्यांत.”

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं, खोंडाकडे पाहिलं, ओसरीवर पेपर वाचणाऱ्या काकांकडे पाहिलं. मिशीला हात गेला. “बरं,” ते म्हणाले. “सोय करतो.”

बस, एवढंच मी केलं. बाकीचं सगळं काकांनी स्वतःच्या हाताने केलं, आणि हे सांगताना मला आजही गुदगुल्या होतात.

संध्याकाळी पाऊस उघडला होता. वेशीजवळ मांडवात खुर्च्यांची रांग, मागे कापडी फलक: ‘समस्त जावईबापू व पाहुणे मंडळी यांचे सहर्ष स्वागत’. मी बैलाला घेऊन पिंपळाखाली उभी होते. काका पांढरं धोतर, बंद गळ्याचा कोट अशा थाटात आले, फोटो काढायला सांगलीहून बोलावलेला माणूस मागे. त्यांनी फलक वाचलाच नसेल. त्यांची नजर नेहमीसारखी खुर्च्यांवर होती.

“पहिली खुर्ची कोणाची?” त्यांनी सुभेदारांना विचारलं.

“थोरल्या जावयांची, सायेब.”

थोरले जावई म्हणजे जतकडचे एक म्हातारे मेंढीवाले, कधीचे तिथे बसले होते. काका त्यांच्याकडे हसून म्हणाले, “हरकत नसेल तर… वयाचा प्रश्न नाही, एक संकेत असतो.”

म्हातारबुवा उठले. त्यांना काय, त्यांना उन्हाच्या बाजूची खुर्ची नकोच होती. काका पहिल्या खुर्चीत बसले, कोट नीट केला, आणि फोटोवाल्याला बोटाने जागा दाखवली. आगटीभोवती घोंगडी मांडणारं तेच बोट. वडील असते तर तेव्हाही त्यांनी भावाला हळूच उठवून बाजूला घेतलं असतं, याची मला खात्री आहे. म्हणूनच बरं झालं की तिथे मी होते.

सुभेदारांनी माइक हातात घेतला. “आता गावच्या वतीनं पावन्यांचा मान. पयला नारळ दिल्लीचं पावनं, आपल्या गावचं नाव साता समुद्रापल्याड न्हेनारं…”

काका उभे राहिले. फेटा बांधून घेतला. नारळ त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, जरासं वाकून, जसं त्यांनी देशोदेशींच्या राष्ट्रप्रमुखांच्या हातून काय काय घेतलं असेल. फोटो निघाला. मांडवाच्या कडेला बसलेली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, “अगं बया, थोरल्या पातीनं नारळ घेतला,” आणि ते मांडवभर पसरत गेलं. कोणी हसलं नाही. माणसं खाली बघू लागली, आणि खाली बघून हसली.

मराठीत नोकराला काढलं की नारळ दिला म्हणतात. मॅनेजरला नारळ मिळतो, हे काकांना ठाऊक असणार. पाहुण्यालाही मिळतो हे कळायला त्यांना आणखी थोडा वेळ लागला.

सगळ्या जावयांचे नारळ झाले. हलगी वाजू लागली. काका उठले, नारळ काखेत घेऊन माझ्याकडे आले आणि कासऱ्यासाठी हात पुढे केला.

सुभेदार मध्ये आले. आवाज अगदी अदबीचा. “सायेब, नारळ घेतला न्हवं का तुमी? पावन्यानं कासऱ्याला हात लावायचा न्हाई.”

“म्हणजे काय? ही काय पद्धत?”

“जुनी हाय जी. तुमी ल्हानपनीच गेलासा, तुमास्नी म्हाईत नसंल.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच अशी गोष्ट दिसली जिच्यासाठी त्यांच्याकडे गोड शब्द तयार नव्हता. मी नजर खाली घेतली नाही. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? तो आनंद चांगला नव्हता हे कळूनही मी तो शेवटच्या थेंबापर्यंत घेतला.

मग मी साडीचा ओचा खोचला आणि बैलाला हाक दिली. वडिलांच्या चालीला सरावलेला तो खोंड आधी चालतच निघाला. मीही चालले. वेशीजवळ मात्र त्याला काय वाटलं कोण जाणे, तो उधळला आणि मला ओढत घेऊन गेला. कर त्याच्या कपाळावर येऊन तुटली, पानं माझ्या अंगावर पडली. माझा गुडघा फुटला, एक चप्पल वेशीतच राहिली. मागून कोणीतरी ओरडलं, “कारभारीन, संबाळून.” वडिलांच्या पश्चात हा शब्द पहिल्यांदाच गावात कोणी उच्चारला.

घरी आले तर काका ओसरीवर खुर्चीत बसले होते. फेटा काढून मांडीवर, नारळ कट्ट्यावर. आत पोळ्यांचा वास सुटला होता. आई, आता पाठीतून वाकलेली, तरी डोईवर पदर घेऊन स्वयंपाकघराच्या दाराआड उभी. या वयातही थोरल्या दिरासमोर ती येत नाही.

काका चिडले नव्हते. हळू आवाजात मला म्हणाले, “विचार तुझ्या आईला, सख्ख्या दिराला सगळ्या गावासमोर पाहुणा करायला तिनं शिकवलं का?”

आईला सगळं ऐकू गेलं होतं. तरी रिवाज तो रिवाज. मी दारापर्यंत लंगडत गेले आणि विचारलं.

आईने पदर नीट केला. एवढी वर्षं तिने ते वाक्य कुठे ठेवलं होतं देव जाणे, पण त्यावर धूळ बसली नव्हती.

“सांग तुज्या काकास्नी,” ती म्हणाली, “पावनंच म्हटलं. गावात समदी त्यास्नी पावनंच म्हनत्यात.”

मी परत ओसरीवर आले आणि सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

काकांना आठवलं की नाही, हे मला आधी कळलं नाही. ते अंगणात बघत होते. तिथे खोंड पोळीची वाट बघत उभा होता. मग काकूंना म्हणाले, “निघूया.” काकू म्हणाल्या, “सणाचं जेवण तरी,” तर ते म्हणाले, “ऐकलंस ना? पाहुण्यांनी फार वेळ बसू नये.” म्हणजे आठवलं होतं.

साडी काकूंनी पिशवीत भरली. गाडी सुरू झाली, तेवढ्यात आईला कट्ट्यावर नारळ दिसला.

“अगं, त्यांचा नारळ ऱ्हायला,” ती म्हणाली. “दे जा पळत. पावन्याचा नारळ घरात ठेवू न्हाई.”

फुटका गुडघा घेऊन मी फाटकापर्यंत पळाले. गाडी थांबली, काच खाली झाली. मी नारळ पुढे केला. काकांनी माझ्या रंगलेल्या हातांकडे पाहिलं, मग नारळाकडे. यावेळी फोटो काढायला कोणी नव्हतं. त्यांनी तो दुसऱ्यांदा घेतला, एका हाताने. गाडी रस्त्याला लागेपर्यंत मी तिथे उभी राहिले, आणि मग हात धुवायला गेले.